तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांचे फोटो रंगवणं का सोडलं

“पूर्वी तुम्ही जुन्या फोटोंमध्ये काय सुंदर रंग भरायचात! हल्ली नुसती देवळं, घाट आणि गाड्या. माणसं का नाही रंगवत?” गेली पाच-सहा वर्षं हे ऐकतोय. लग्नात जेवणाच्या रांगेत विचारलंय, दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना विचारलंय. दर वेळी ‘डोळ्यांना त्रास होतो’ म्हणून सुटका करून घेतली. डोळे ठणठणीत आहेत. आता खरं काय ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हे पुढे करता येईल.

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की मी कायद्याला घाबरलो. तसं नाही. फार जुन्या फोटोंवरचा हक्क कधीच संपलेला असतो, आणि मी घेतलेले बहुतेक फोटो तर संग्रहांनी आपणहून मोकळे केलेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं ‘कुणीही घ्या, काहीही करा’ म्हणून नेटवर ठेवली. तेव्हापासून मला हे वेड लागलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उकरत बसायचो आणि काही सापडलं की सकाळी दहा जणांना दाखवल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. चांगली गोष्ट स्वतःपुरती ठेवणं मला जमत नाही, कधीच जमलेलं नाही.

रंग त्यातूनच आले. करडा फोटो पाठवला की लोक बघून पुढे जायचे. तोच रंगवून पाठवला की थांबायचे, “ही अगदी माझ्या आजीसारखी” म्हणायचे. तो मोह होता, मान्य. पण वाईट मोह होता असं मला अजूनही वाटत नाही.

शिवाय हे काम माझ्या घरातलं. मामा कराडच्या एका फोटो स्टुडिओत फोटो रंगवायचा. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून, रंगवून भिंतीवर लावायचा, त्यावर चंदनाचा हार घालायचा, ही तेव्हाची पद्धत. मामाच्या टेबलावर फोटो कलरच्या छोट्या बाटल्या, काडीला गुंडाळलेला कापूस आणि एक बारीक ब्रश असायचा. ब्रशचं टोक तो ओठांत धरून टोकदार करायचा, त्यामुळे त्याचा खालचा ओठ कायम थोडा गुलाबी दिसायचा. फोटो हातात आला की तो आधी उलटा करायचा आणि घरच्यांना विचारत विचारत मागे पेन्सिलीने लिहायचा: ‘फेटा केशरी. कोट काळा. डोळे घारे.’ एकदा दोघे भाऊ आईचा शालू जांभळा की डाळिंबी यावरून काउंटरवरच भांडायला लागले. मामाने फोटो पाकिटात घातला आणि म्हणाला, “बहिणीला घेऊन या.” बहीण चार दिवसांनी सासरहून आली तोवर त्याने ब्रश लावला नाही. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. मला फक्त रंग दिसले. विचारणं हा त्या कामाचा भाग आहे हे दिसलं नाही.

आता तो फोटो.

२०१८ च्या थंडीत परदेशातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात मला तो सापडला. १९५१ सालचा, आपल्याच भागातल्या एका गावातला. गावाचं नाव होतं, बाईचं नव्हतं. पंचवीस-सव्वीसची बाई उंबऱ्यावर बसलीय, मांडीवर ज्वारीने भरलेलं सूप, दोन्ही मनगटं ज्वारीत बुडालेली. पदर गळ्याभोवती घट्ट. मागे मातीची भिंत आणि काजळी धरलेला कोनाडा. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघत होती. तिथे कुणीतरी रांगत असावं असं मला उगीच वाटलं.

चार रात्री घालवल्या. नुसत्या त्वचेला सहा लेअर. ज्वारीला पिवळट पांढरा, सुपाला जुन्या बांबूचा तपकिरी. लुगडं हिरवं केलं. का? आमच्याकडच्या शेतकरणी हिरवं नेसायच्या असं मला वाटलं म्हणून. आणि दोन भुवयांच्या मध्ये एक काळा ठिपका होता. चारशे टक्के मोठा करून बघितला तर दहा-बारा चौकोन, बस. मी त्यावर अर्धा तास विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं. विचार केलाच नाही. पिंजरीचा लाल घेतला आणि ठेवला.

मला माहीत नव्हतं असंही नाही. जुन्या कित्येक फिल्म्सना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे कुंकू त्यांच्यात काळंभोर उमटतं. हे मीच चार लोकांना समजावून सांगितलं होतं. पण काजळीने गोंदलेलं गोंदणही काळंच उमटणार, हे त्या रात्री माझ्या डोक्यात आलं नाही. हनुवटीवर गोंदण डोळ्यांसमोर होतं तरी आलं नाही. बाई तरुण, कपाळावर ठिपका, म्हणजे कुंकू.

फोटो खूप फिरला. महिला दिनाला कुणीतरी त्याच्यावर ‘सौभाग्याचं लेणं’ असं छापून तो पुढे पाठवला, तो चार दिशांनी फिरून माझ्याकडेच आला. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

मे महिन्यात दुपारी फोन आला. नातवाने माझा नंबर शोधून लावून दिला होता. बोलणारी बाई सत्तरीची.

“माझ्या आईला कुकू तुमी लावलंय न्हवं?”

मी आभार ऐकायच्या तयारीत होतो. म्हटलं, “हो मावशी, मीच रंगवलाय तो फोटो.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझा बा गेला तवा मी सहा म्हैन्याची. आईच्या कपाळाला कुकू मी कवा बघितलंच न्हाई. ते गोंदण हाय. ती ल्हान असताना गोंदलेलं.”

कोनाड्यावरून घर ओळखलं होतं आणि हनुवटीवरून आई. आईचा तरणेपणीचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

मी माफी मागितली. म्हटलं, आत्ता काढतो, आजच दुरुस्त करतो, दहा मिनिटांचं काम आहे. तेव्हा ती म्हणाली, “पुसू नगा.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“एकदा पुसलंय तिचं. चार बायकांनी धरून. आता पुन्यांदा कुणी पुसू नगा.”

मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. काय बोलावं कळेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रश्न विचारला जो मामा सगळ्यात आधी विचारायचा. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, मावशी?

“धुऊन धुऊन रंग कसला ऱ्हातुया त्याला,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी माणूस रंगवलेला नाही.

हे ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी काही म्हणतात, “अहो, पण तिला आवडलंच की. उलट चांगलंच झालं.” मला या वाक्याचा राग येतो. तिला आवडलं असं ती कुठे म्हणाली? ती फक्त पुसू नका म्हणाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला, तेव्हा पेपर हातात धरून मी कितीतरी वेळ त्या फोनचाच विचार करत होतो. जी गोष्ट थांबवायला गावाला ठराव करावा लागला, त्या गोष्टीत मी एका बोटाने हात घातला होता. तोही चुकून.

पण मग माझ्यातला जुना मी वाद घालायला उभा राहतोच. तो म्हणतो, तू रंगवला नसतास तर तो फोटो त्या संग्रहातच पडून राहिला असता. नातवाच्या मोबाइलवर आला तो रंगामुळे. सत्तर वर्षांनी लेकीला आई दिसली ती तुझ्या चुकीच्या रंगामुळे. याला माझ्याकडे उत्तर नाही. तो असंही म्हणतो की फोटोत खोटेपणा काही तू आणलेला नाहीस. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यांत स्टुडिओत काढलेली माणसं कापून भलत्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. बरोबर आहे. पण जॉन्सनने चिकटवलं म्हणून मी चिकटवावं, असं थोडंच आहे?

एप्रिल २०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो कुणीतरी रंगवले आणि त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यांवर हसू आणलं. मारायला नेण्याआधी काढलेले फोटो ते. तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने निषेध केला, फोटो काढून टाकावे लागले. ती बातमी वाचून सगळे त्या माणसाला शिव्या देत होते. मी दिल्या नाहीत. माझी गोष्ट त्याच्याइतकी भयंकर नाही हे मला समजतं. पण ‘या चेहऱ्याला हे शोभेल’ असं वाटण्याचा तो क्षण मला आतून माहीत आहे.

मग गाड्या आणि घाट का चालतात, असं विचाराल. कारण तिथे विचारायला जागा असते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर सुटलेली पहिली एसटी मी रंगवली तेव्हा सगळ्यांना ती लाल हवी होती. ती निळी आणि चंदेरी होती, तशी नोंद आहे, म्हणून मी निळी केली. घाटाचा दगड आजही तिथे जाऊन बघता येतो. आणि माणसांचे खरे रंग हवे असतील तर १९१३-१४ साली आल्बेर कान या फ्रेंच धनिकाने पाठवलेल्या छायाचित्रकाराने मुंबईत काढलेले ऑटोक्रोम बघा, त्याच्या संग्रहालयाने ते नेटवर ठेवलेत. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण पसरून काढलेले फोटो ते. त्यांत कुणी रंग भरलेला नाही, उजेडाने भरलाय. मी हल्ली तेच पाठवतो लोकांना. थांबून बघणारे कमी असतात. असू देत.

मावशींनी दोन्ही प्रती मागितल्या होत्या, साधी आणि रंगीत. पाठवताना दोन्हींच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: ‘लुगडं: रंग गेलेला. कपाळ: गोंदण.’ रंगीत प्रतीवर आणखी एक ओळ घातली: ‘कुंकू मी लावलेलं.’ त्यांनी भिंतीवर कुठली लावली ते मी विचारलेलं नाही. नातू कधीमधी दिवाळीला शुभेच्छा पाठवतो, तोही सांगत नाही.

ती फाइल माझ्याकडे आहे. कुंकवाचा लेअर वेगळा आहे. शेजारी डोळ्याचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की कुंकू जातं, पुन्हा केलं की येतं. वर्षातून एखाद्या वेळी मी ती उघडतो. अजून एकदाही क्लिक केलेलं नाही.