तुम्ही विचारलंत म्हणून: बी.एड.च्या सरांना शिकवता येतं का?

मुलीला बी.एड.ला घालायचं ठरलं की इंदूरच्या आमच्या मराठी घरांतून मला हमखास फोन येतो. मी शाळेत गणित शिकवते आणि दरवर्षी इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींकडे माझे वर्ग सोपवते, म्हणून. फीचं बोलून झालं की आवाज जरा खाली येतो : "ताई, तिथल्या सरांना स्वतःला शिकवता येतं का हो?"

स्टाफरूममध्ये डबे उघडले की ही मुलं मोकळं बोलतात. सरांच्या ज्ञानाबद्दल सहसा तक्रार नसते. पियाजे, वायगोत्स्की, ब्लूम, शिकण्या-शिकवण्यावर लिहिणारी ही मोठी नावं, सगळी नोट्समध्ये जागच्या जागी असतात. राग येतो तो 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन' तासभर उतरवून घ्यायला लावतात त्याचा. आणि "सरांनी कधी आठवीच्या वर्गाला तोंड दिलंय का?" हा प्रश्न तर ठरलेलाच.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. त्यात 20 आठवडे शाळेत काढायचे, पैकी 16 दुसऱ्या वर्षी. काळ पुरेसा आहे हो, पण पाठ बघायला मागे कोण बसतं आणि किती वेळ बसतं? सुपरवायझरला, म्हणजे कॉलेजातून पाठ बघायला येणाऱ्या सर-मॅडमना, एका सकाळीत तीन-तीन शाळा गाठायच्या असतात. दहा मिनिटं टेकायचं, फाइलवर 'फलकलेखन चांगले, आवाज वाढवावा' लिहायचं, की गाडीला किक. (खाजगी कॉलेजातले पगार ऐकून आहे, त्यामुळे मी त्यांना फार बोल लावत नाही.)

एका मॅडमचं मात्र सांगते. सातवीत अपूर्णांकांचा पाठ चालला होता. 1/2 अधिक 1/3 किती? एक मुलगा म्हणाला, 2/5. शिकवणाऱ्या मुलीने 'चूक' म्हणून पुढच्या बाकाकडे बोट केलं. मॅडम पाठ संपेपर्यंत हलल्या नाहीत, आणि नंतर एवढंच म्हणाल्या, "त्याने 2/5 आणले कसे, विचारलंत?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. अंशात अंश, छेदात छेद मिळवला होता. मग तिने त्यालाच विचारलं, अर्ध्या पोळीत आणखी पोळी घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? पोरगं विचारात पडलं. याच मॅडमना आमच्याकडची मुलं 'खडूस' म्हणतात, कारण त्या फाइल परत लिहायला लावतात. न वाचता सही करणारे सर फार चांगले! तेव्हा मुलांचं मतही जरा चाळूनच घ्या.

खरं तर या कामात इंदूर मागे नव्हतं. सूक्ष्म अध्यापन (मायक्रोटीचिंग, म्हणजे छोट्या पाठावर शिकवण्याचा सराव) भारतात रुजवणारे बी. के. पासी वडोदऱ्याहून इथल्याच विद्यापीठात आले. त्या पद्धतीत 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं प्रतिक्रिया ऐकायची, 12 मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, पुन्हा 6 मिनिटं शिकवायचं, पुन्हा 6 मिनिटं ऐकायचं. छत्तीस मिनिटांत बारा नुसती ऐकून घेण्याची. आता माझ्याकडे येणारी बरीच मुलं सांगतात, पाठ एकदाच होतो, दुसरा फक्त फाइलमध्ये.

'नॉन-अटेंडिंग', म्हणजे वर्गाला न जाता नुसतं नाव घालायचा प्रवेश घेणार असाल तर सर कसे, हे विचारूच नका. भेट व्हायची नाही. नाहीतर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीकडून पाठांची फाइल मागून बघा. लाल शाईत कुठे वर्गातल्या एखाद्या पोराचं उत्तर टिपलेलं दिसलं, तर खुशाल फी भरा.