अ‍ॅपमध्ये आधी गोळ्यांच्या वेळा बसवा

गरोदरपणाचं कुठलंही अ‍ॅप घेतलं की ते आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारतं, त्यात २८० दिवस मिळवतं आणि बाळंतपणाची तारीख हातात देतं. हा हिशेब दर २८ दिवसांनी येणाऱ्या पाळीचा आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर अ‍ॅप साधारण आठवडाभर पुढे पळतं. अ‍ॅप ११ आठवडे दाखवतं म्हणून एनटी स्कॅनला (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) जावं, तर बाळ अजून लहान असतं आणि पुन्हा यायला सांगतात. तेव्हा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी फाईलवर बाळंतपणाची जी तारीख लिहिली असेल, तीच अ‍ॅपमध्ये भरा. मग एनटी स्कॅन (११ आठवडे झाल्यावर, १४ पूर्ण होण्याआधी), १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची तपासणी या आठवणी योग्य आठवड्यात येतील. सरकारी रुग्णालयात दाखवत असाल, तर दर महिन्याची ९ तारीखही कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते.

पण अ‍ॅपचा सगळ्यात मोठा उपयोग गोळ्यांसाठी आहे. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. (हे सरकारी कार्यक्रमातलं प्रमाण. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच पाळायचं.) या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोह शोषू देत नाही. मध्ये किमान दोन तास हवेत. तरीही बऱ्याच घरांत 'विसरायला नको' म्हणून सगळ्या गोळ्या एकदम पोटात जातात.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली-घणसोलीला नोकरीला जाणारीला जमेल असं वेळापत्रक सांगते. सकाळी ८ ला नाश्त्यासोबत कॅल्शियम, दुपारी १.३० ला डब्यासोबत दुसरं. रात्री ८.३० ला जेवण आणि १०.३० ला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. झोपताना घेतली की मळमळ कमी जाणवते. इथे हमखास गडबड होते ती रात्रीच्या दुधाने. सासूबाई प्रेमाने पेला आणून देतात आणि गोळी त्याच दुधाबरोबर घेतली जाते. दुधातही कॅल्शियमच आहे; ते संध्याकाळी ६ ला घ्या. चहा-कॉफीही गोळीच्या आधी-नंतर तासभर नको. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, घाबरून गोळी बंद करू नका. अ‍ॅपमधली खूण गोळी गिळल्यावरच करा आणि आठवड्यातून एकदा पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून ताळा घ्या.

अलार्म वाजलाच नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा असतो. बराच वेळ न उघडलेलं अ‍ॅप फोन झोपवून टाकतो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी असं जाऊन निर्बंध काढा. ऑटोस्टार्ट आणि नोटिफिकेशनची परवानगीही बघा. दोन मिनिटांनी वाजेल असा अलार्म लावून लगेच वाजला म्हणजे झालं असं नाही. फोन रात्रभर पडून राहिल्यावर सकाळचा वाजतो का, ते पाहा. नाहीच वाजला तर फोनच्या घड्याळातच 'लोह', 'कॅल्शियम' अशी नावं देऊन अलार्म लावा. तो सहसा दगा देत नाही.

चालण्यासाठी पावलांचं १०,०००चं लक्ष्य काढून टाका. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, पुरे. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग. ठाण्याची तलावपाळी किंवा नेरुळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' सकाळी छान, पण पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या वाटांपेक्षा सोसायटीचं कोरडं पार्किंग बरं.

आहाराच्या अ‍ॅपमध्ये कॅलरी मोजत बसू नका, प्रथिनं मोजा. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्यात २२ ग्रॅम जास्त लागतात. ३० ग्रॅम कोरड्या डाळीची आमटी सुमारे ७ ग्रॅम देते, एक अंडं ६.

बाळाच्या हालचाली २८ व्या आठवड्यापासून रोज एकाच वेळी मोजा. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडा आणि प्रत्येक हालचालीला बटण दाबा. दोन तासांत १० व्हायला हव्यात. बाळ मध्ये २० ते ४० मिनिटं झोपतं, तेवढ्याने काळजी करू नका. मात्र नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर अ‍ॅप 'सर्व ठीक' दाखवत असलं तरी लगेच दवाखाना गाठा. फोनच्या माईकवरून बाळाचे ठोके ऐकवू असं सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. खोटा दिलासा मिळतो आणि मोलाचे तास जातात. प्रसूतिकक्षाचा थेट नंबर आणि १०८ हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. घोडबंदर रोडला राहत असाल, तर गर्दीच्या वेळी लागणारा जास्तीचा वेळ धरूनच निघा.