दोनशेच्या पिंगवर रोग क्लास

ऑगस्ट 2019 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाची जुनी आवृत्ती क्लासिक नावाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी रोग (Rogue, लपून हल्ला करणारा लढवय्या) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, निवडला तो पूर्ण विचार करूनच. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, त्यामुळे मी युरोपातल्या सर्व्हरवर खेळत होतो आणि सांगलीतल्या घरून माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असे. समोरच्याची हालचाल मला उशिरा दिसणार आणि माझे उत्तर त्याहून उशिरा पोहोचणार, हे एकदा मान्य केल्यावर प्रत्युत्तरावर जगणारा क्लास घेण्यात अर्थ नव्हता. रोग खेळताना लढाई कधी, कुठे आणि कोणाशी सुरू करायची हे आपण ठरवतो. सुरुवातीचे काही सेकंद प्रतिस्पर्धी स्टनमध्ये, म्हणजे काहीच करू न शकण्याच्या अवस्थेत, असतो आणि तेवढ्या वेळात पिंग किती आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. शिवाय जुन्या खेळाशी इमान राखण्यासाठी क्लासिकचा सर्व्हर खेळाडूंच्या परस्परांवरील बऱ्याच क्रिया सुमारे 400 मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत निकाली काढत असे. अनेकांना त्याचा वैताग होता, पण माझ्यासारख्याला त्यामुळे युरोपातल्या खेळाडूंशी थोडी बरोबरी साधता येई.

माझे पात्र होर्ड या गटाचे, अनडेड वंशाचे. सराव करण्याची जागा ऑर्ग्रिमार या होर्डच्या राजधानीच्या दरवाजाबाहेरची, कारण तिथे ड्युएल, म्हणजे एकास एक लढती, खेळणाऱ्यांची कायम वर्दळ असे. युरोपात रात्रीचे आठ वाजले की हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, त्यामुळे चांगले प्रतिस्पर्धी मिळत ते घरातले सगळे झोपल्यावरच. व्हॅनिश (अदृश्य होणे), ब्लाइंड (प्रतिस्पर्ध्याला काही सेकंद भांबावून टाकणे), स्प्रिंट (वेगाने धावणे) आणि इव्हेजन (वार चुकवणे) या चारही क्षमतांचा कूलडाऊन, म्हणजे पुन्हा वापरण्याआधीची प्रतीक्षा, पाच मिनिटांची आहे, म्हणून ड्युएल मागताना त्या वापरायच्या की नाहीत हे आधी विचारून घेण्याची पद्धत होती. मी बहुतेक वेळा त्या न वापरता खेळण्याची विनंती करत असे. त्यांच्याविना टिकता आले, तरच मूळ हिशोब पक्का होतो असे माझे मत होते.

हा हिशोब एनर्जीचा, म्हणजे प्रत्येक हल्ल्यासाठी खर्च होणाऱ्या शक्तीचा आहे. रोग क्लासकडे जास्तीत जास्त 100 एनर्जी असते आणि दर दोन सेकंदांनी 20 परत मिळते. स्टेल्थमधून, म्हणजे लपलेल्या अवस्थेतून, मारायच्या चीप शॉटला 60 लागतात, त्याने चार सेकंदांचा स्टन आणि दोन कॉम्बो पॉइंट (पुढच्या मोठ्या हल्ल्यासाठी साठवायचे) मिळतात. डर्टी डीड्स या टॅलेंटमध्ये, म्हणजे पात्रासाठी निवडायच्या कौशल्यात, दोन गुण घातले की हीच किंमत 40 वर येते, आणि या वीस एनर्जीवर सगळी साखळी उभी राहते. चीप शॉटनंतर 60 उरतात, त्या चार सेकंदांत आणखी 40 जमा होतात, त्यातून 35 चा एक याप्रमाणे हेमरेज नावाचे दोन वार मारले की चार कॉम्बो पॉइंट होतात आणि शिल्लक राहतात 30. किडनी शॉट या दुसऱ्या स्टनला 25 लागतात आणि चार पॉइंटांवर तो पाच सेकंद टिकतो. टॅलेंट नसेल तर त्या क्षणी हातात 10 एनर्जी उरते आणि प्रतिस्पर्धी मोकळा होतो. दोन्ही स्टन मिळून नऊ सेकंद होतात हे वाचून माहीत होते, पण किडनी शॉट पहिला स्टन संपता संपता लावायचा, आधी लावून एकही सेकंद वाया घालवायचा नाही, हे बोटांत बसायला बराच काळ गेला.

खरा निर्णय किडनी शॉटनंतर घ्यावा लागतो. पाच एनर्जी शिल्लक आहे, पाच सेकंदांत 40 येणार आहेत आणि गाऊजला नेमके 45 लागतात. म्हणजे एक तर या पाच सेकंदांत आणखी एक हेमरेज मारून घ्यावे, नाही तर हात आखडता घेऊन शेवटी गाऊज लावावे आणि प्रतिस्पर्ध्याला आणखी चार सेकंद जागच्या जागी थांबवून स्वतःची एनर्जी भरून घ्यावी. मी जवळजवळ नेहमी दुसरा मार्ग धरतो. गाऊजसाठी समोरच्याचे तोंड आपल्याकडे असावे लागते आणि त्याला थोडीशीही इजा झाली की गाऊज सुटते. म्हणून थोडी थोडी इजा करत राहणारे डेडली पॉयझन मी तलवारीला लावणेच बंद केले. एका हातात चाल मंदावणारे क्रिपलिंग पॉयझन आणि दुसऱ्या हातात मंत्रोच्चार लांबवणारे माइंड-नंबिंग पॉयझन, ही जोडी माझ्या पिंगला सर्वांत सोयीची ठरली. कास्टची, म्हणजे मंत्र पूर्ण होण्याची, पट्टी जितकी लांब, तितकी मंत्र मध्येच तोडणारी किक वेळेवर पोहोचण्याची शक्यता जास्त.

सर्वांत जास्त शिकवले ते फ्रॉस्ट मेजने, म्हणजे बर्फाची विद्या वापरणाऱ्या जादूगाराने. ड्युएल सुरू होताच तो आर्केन एक्स्प्लोजन या स्फोटाचा पहिला, सर्वांत स्वस्त रँक सतत वापरत राहतो, कारण दहा यार्डांच्या आत आलेला रोग त्यामुळे उघडा पडतो. मात्र दोन स्फोटांमध्ये दीड सेकंदाचे अंतर असते आणि तेवढ्यात आत शिरून चीप शॉट मारता येतो. मेज लगेच ब्लिंक करतो, स्टनमधून सुटतो आणि वीस यार्ड पुढे जातो. त्या पहिल्या चीप शॉटकडून माझी अपेक्षा एवढीच असते की ब्लिंक खर्ची पडावा. ब्लिंक पुन्हा मिळायला पंधरा सेकंद लागतात आणि लढाईचा निकाल त्या पंधरा सेकंदांतच लागतो. स्प्रिंट लावून मी त्याला गाठतो, तो फ्रॉस्ट नोव्हाने माझे पाय गोठवून मागे सरकतो, आणि फ्रॉस्टबोल्ट या हल्ल्याच्या मंत्राची पट्टी दिसू लागली की मी व्हॅनिश वापरतो. त्याने पाय मोकळे होतात आणि स्टेल्थही परत मिळते. दुसरा चीप शॉट निम्मा, म्हणजे दोनच सेकंदांचा लागतो, कारण एकाच प्रकारचा परिणाम लागोपाठ लावला तर दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा पाव आणि चौथ्यांदा अजिबात लागत नाही. पण किडनी शॉटचा हिशोब वेगळा धरला जातो आणि तो पूर्ण वेळ टिकतो.

किकबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. फ्रॉस्टबोल्टवर किक बसली की पाच सेकंद फ्रॉस्टची सगळी विद्या बंद होते, म्हणजे नोव्हा, आइस बॅरियर आणि आइस ब्लॉक ही संरक्षणेसुद्धा. चांगले मेज म्हणूनच कास्ट सुरू करून मध्येच थांबतात आणि किक हवेत गेली की निवांतपणे पुढचा बोल्ट टाकतात. पट्टीच्या शेवटी किक मारणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे, परंतु दोनशेच्या पिंगवर तो जुगार ठरतो. मी प्रत्येक मेजची सवय पाहू लागलो: हा पहिलाच बोल्ट खोटा टाकतो की दुसरा? बहुतेक जण पहिला खोटा टाकत, आणि मी तो सोडून देत असे.

ऑर्क वंशाच्या वॉरिअरपुढे, म्हणजे योद्ध्यापुढे, हे सगळे गणित डळमळते. ऑर्कला स्टन न लागण्याची जन्मजात 25 टक्के शक्यता असते, आणि चीप शॉट वाया गेला की समोर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. इव्हेजन लावावे, तर प्रत्येक चुकवलेल्या वारावर त्याला ओव्हरपॉवर या वाराची संधी मिळते. त्याच्या रेंड या वारामुळे रक्त वाहत असेल तर व्हॅनिशही टिकत नाही. ब्लाइंड लावून त्या दहा सेकंदांत बँडेज बांधणे आणि मग क्रिपलिंगच्या आधाराने त्याला दमवणे, एवढेच हातात राहते. ब्लाइंडसाठी लागणारी पावडर फेडलीफपासून स्वतः बनवावी लागते, त्यामुळे लढाईपेक्षा जास्त वेळ ती वनस्पती शोधण्यात जातो, ही तक्रार प्रत्येक रोगची असते.

मार्च 2020 मध्ये अराथी बेसिन हे रणांगण उघडल्यावर हेच कौशल्य वेगळ्या कामी आले. पंधरा विरुद्ध पंधरांच्या त्या लढाईत पाच तळ राखायचे असतात आणि विरोधी गट अलायन्सवाले स्टेबल्स या तळावर बहुतेक वेळा एकच पहारेकरी ठेवतात. तो लढाईत नसताना त्याला सॅप करून, म्हणजे काही काळ निष्क्रिय करून, झेंडा घेता येतो, मात्र झेंड्याला हात लावला की स्टेल्थ जाते आणि छोटासा घाव बसला तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून ब्लाइंड अशा वेळेसाठी राखून ठेवावे. पहारेकरी वॉरलॉक, म्हणजे काळी जादू करणारा, असेल तर त्याच्या फिअर या घाबरवून पळवणाऱ्या मंत्रावर माझ्या अनडेड पात्राकडे विल ऑफ द फोर्सेकन हा उतारा आहे. त्याच्यासोबत फेलहंटर हा पाळीव राक्षस असेल तर मात्र तो स्टेल्थमधला रोगही हेरतो, आणि अशा वेळी मी स्टेबल्सचा नाद सोडून लंबर मिल या दुसऱ्या तळाकडे वळतो.