पहिली छोटी पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा

जुना छोटा हत्ती (टाटा एस) बघायला गेलं की नजर रंगावर, टेपवर आणि मीटरवर जाते. रंग दोन दिवसांत मारून होतो आणि मीटर मागे फिरवता येतो. मालवाहू गाडीने किती ओझं ओढलंय ते तिच्या पोटाखाली कळतं. म्हणून जाताना एक पुठ्ठा, बॅटरी (टॉर्च), छोटी हातोडी आणि मोजपट्टी सोबत न्या.

केबिनच्या लगेच मागे आणि मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसतात तिथे चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, नीट बघा. ओव्हरलोड गाडी याच जागी चिरते. वेल्डिंगची रेघ, वरून मारलेली जादा पट्टी किंवा तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसला, तर तो सौदा सोडा. हातोडीने हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजून पोकळ झालेला बदबदतो. इंजिनाचं काम कधीही करून घेता येतं, वाकलेली चेसिस मात्र पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. त्यामुळे थकलेलं इंजिन आणि सरळ चेसिस असलेली गाडी मी चकाचक इंजिनाच्या वाकड्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली मानतो.

मग पाटे मोजा. दोन्ही बाजूंना पानं सारखी हवीत. एखादंच पान कमी गंजलेलं आणि यू-बोल्ट नवे, लांब असतील, तर जास्त माल भरायला पाटा वाढवलाय असं समजा. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट झाले असतील, तर ते थकलेत. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. चाकं सरळ ठेवूनही फरक आला, तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलेला असू शकतो. टायर दोन्ही कडांना झिजलेले असतील, तर गाडी कमी हवेवर किंवा जास्त वजनावर चाललीय.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आपण पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. झाकण नाचायला लागलं आणि धूर भकाभका आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. चालवताना अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की मागून हुंकारासारखा आवाज येत असेल, तर क्राउन-पिनियन (मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगमधले गिअर) झिजलंय. शक्य असेल तर चाचणी माल भरून आणि चढावर घ्या.

आता वजनाचं. आरसीवरच्या भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की जे उरतं, त्यातच क्लीनर, ताडपत्री आणि जादा बसवलेली जाळीही मोडते. २००५ साली आलेल्या पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता ७५० किलो. माणसं आणि सामान मिळून १४० किलो धरलं, तर ६१० उरतात. टोमॅटोचं भरलेलं क्रेट साधारण २२ किलोचं, म्हणजे २७ क्रेट. रोज ४० क्रेट नेणार असाल, तर सरळ मोठी पिकअप घ्या. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वर दर जादा टनाला २,००० लागतात.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) मात्र लागतंच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. परवान्याबद्दल अजून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो: सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचा, परवाना चालतो.

पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर फिटनेस, टॅक्स, विमा आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) तपासा, थकलेली चलनं बघा, आणि चेसिस नंबर स्वतः आरसीशी ताडून पाहा. बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यातच. नुसत्या स्टँप पेपरवर गाडी घेतली तर सरकारदरबारी मालक जुनाच राहतो.

कर्ज घेताना व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच) आहे का ते विचारा. तीन लाखांवर तीन वर्षांसाठी फ्लॅट ९ टक्के म्हणजे ८१,००० व्याज आणि महिना १०,५८३ चा हप्ता. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १६ टक्क्यांच्या वर जातो.

गाडी नावावर झाली की विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, पाट्यांच्या शॅकल पिनांना ग्रीस मारा. पाटे खोलले असतील, तर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.