स्टूल पॅनलवर तीन-तीन व्हायरस, मग नेमका कोणता खरा?

मावसबहिणीचा मेसेज आला, तीन महिन्यांच्या बाळाला जुलाब होतायत, पीसीआरचं ते महागडं स्टूल पॅनल (शीतले बरेच जंतू एकदम शोधणारी तपासणी) केलं आणि रिपोर्टवर रोटा पॉझिटिव्ह, नोरो पॉझिटिव्ह, ॲडेनो पॉझिटिव्ह. "ताई, एकाच वेळी तीन-तीन कसे गं?" बाळ दूध पितंय, लघवी नीट होतेय, ओआरएस आणि झिंक चालू आहे, त्यामुळे उपचारात तसाही काही फरक पडणार नव्हता, ते तिला आधी सांगून टाकलं. पण प्रश्न चांगला आहे, आणि आम्ही दिवसभर लोकांची शी तपासणारी माणसं चहाला बसलो की याच्यावरूनच भांडत असतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी पीसीआरचं, म्हणजे जंतूच्या जीनच्या कॉपी वाढवून त्याला शोधणाऱ्या पद्धतीचं. रोटाव्हायरसने आजारी पडलेल्या बाळाच्या एक ग्रॅम शीत हजार कोटी ते दहा हजार कोटी कण असू शकतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली व्हायरस दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख कण तरी लागतात. एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने व्हायरसचं प्रथिन पकडणारी चाचणी, त्याहून थोडी बरी. आणि पीसीआरला मोजक्या कॉपी पुरतात! म्हणजे महिन्यापूर्वी येऊन गेलेल्या नोरोची उरलीसुरली पिलावळसुद्धा ती पकडते. मग 'डिटेक्टेड' एवढंच छापून काय उपयोग, सीटी व्हॅल्यू, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा, द्या की, आकडा जितका कमी तितका व्हायरस जास्त. सीटी १८ आणि सीटी ३६ यांच्यात व्हायरसचा फरक साधारण अडीच लाख पट असतो आणि रिपोर्टवर दोन्हीला शब्द मात्र एकच. बरं, उलटंही होतं, शीतली बाइल सॉल्ट्स आणि पॉलिसॅकराइड्स पीसीआरच्या एन्झाइमला बंद पाडतात, तेव्हा इंटर्नल कंट्रोल (मुद्दाम घातलेला, दिसायलाच हवा असा नमुना) चाललाय का ते न बघता दिलेला निगेटिव्ह मी तरी मानत नाही.

त्यात या बाळाला आठवड्यापूर्वीच रोटाचा डोस दिलेला. तोंडावाटे देतात ती जिवंत लस आहे, ती आतड्यात वाढते आणि शीतून बाहेर पडते, पीसीआरला ती दिसणारच. लसीतला की बाहेरचा हे कळायला टायपिंग लागतं. रोटाव्हॅकमधला ११६ई हा स्ट्रेन दिल्लीच्या नवजात बाळांमध्ये सापडलेला, जी९पी[११], जी आणि पी ही व्हायरसच्या बाहेरच्या दोन प्रथिनांवरून पडलेली टाइपची नावं. आपल्या पुण्यात सीरमने केलेल्या रोटासिलमध्ये गायीच्या रोटाचा पी[५] आहे. बाहेर मुलांना आजारी पाडणारे बहुतेक पी[८], पी[४] किंवा पी[६]. म्हणजे 'पी' काढला की बहुतेक वेळा उलगडा होतो, पण पॅनलवाली मशीन तो काढत नाही, तिला फक्त रोटा आहे की नाही एवढंच कळतं.

आता कोणी म्हणेल की मग जुनी एलायझाच बरी होती, कमी दिसायचं पण जे दिसायचं ते खरं. तसंही नाहीये. जेम्स नावाचा मोठा अभ्यास झाला, आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणच्या लहान मुलांच्या जुलाबांचा, आपलं कोलकाताही त्यात होतं. निकाल २०१३ ला आले. नंतर तेच साठवलेले नमुने क्वांटिटेटिव्ह, म्हणजे व्हायरस किती आहे तेही मोजणाऱ्या, पीसीआरने परत तपासले, ते २०१६ ला छापून आलं, आणि ॲडेनो ४०/४१ (जुलाब करणारे ॲडेनोचे दोन टाइप) मुळे होणारे जुलाब आधीच्या हिशोबाच्या जवळजवळ पाचपट निघाले. नमुने तेच, मुलं तीच! त्या अभ्यासात निरोगी मुलांची शीसुद्धा घेतलेली होती म्हणून किती प्रमाणात सापडला तर आजाराचं कारण धरायचं हे ठरवता आलं. एकट्या बाळाच्या एकट्या रिपोर्टवर ते ठरवता येत नाही, हे पॅनल विकणारे सांगत नाहीत.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती ही, की कुठल्याही काळात आपल्याला 'माहीत' असलेले आतड्याचे व्हायरस म्हणजे त्या काळच्या पद्धतीला दिसणारे व्हायरस. अमेरिकेतल्या नॉर्वॉकला १९६८ मध्ये शाळेतली मुलं आजारी पडली पण कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या पेशींवर, काही वाढेना, शेवटी १९७२ मध्ये कापिकियन या शास्त्रज्ञाने बऱ्या झालेल्या माणसाचं सीरम घालून अँटीबॉडीने गोळा झालेले कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तोच आजचा नोरो. वर्षभरात मेलबर्नला रुथ बिशपच्या टीमला मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात रोटा दिसला. ॲडेनो ४०/४१ ची हीच कथा, मायक्रोस्कोपखाली ढीगभर कण आणि नेहमीच्या सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर) शून्य, २९३ नावाच्या पेशी वापरल्या तेव्हा कुठे वाढायला लागले.

रोटाच्या बाबतीत माझी आवडती पद्धत विचाराल तर पेज, म्हणजे पॉलिॲक्रिलमाइड जेल आणि सिल्व्हर स्टेन. स्वस्त, कोणी आता करत नाही, आणि काय देखणी! रोटाचा जीनोम ११ तुकड्यांचा, डबल स्ट्रँडेड आरएनए, तो जेलवर चालवला की शिडीच्या पायऱ्यांसारख्या ११ पट्ट्या उमटतात, ग्रुप ए (मुलांमधला नेहमीचा रोटा) असेल तर ४-२-३-२ अशा गटात. ग्रुप बी किंवा सी असेल तर मांडणी वेगळी. ग्रुप ए च्या व्हीपी६ या प्रथिनावर बेतलेली एलायझा ग्रुप बी समोर ठेवला तरी गप्प निगेटिव्ह देते, आणि जेल मात्र न विचारता सांगून टाकते की इथे काहीतरी वेगळं आहे. प्रायमर (पीसीआरला जागा दाखवणारा डीएनएचा तुकडा) नको, अँटीबॉडी नको. अडचण एवढीच की भरपूर व्हायरस लागतो आणि टाइप कळत नाही, अंदाज येतो फक्त.

टायपिंगसाठी मग बाहेरच्या दोन प्रथिनांचे जीन, व्हीपी७ वरून जी आणि व्हीपी४ वरून पी, सेमी-नेस्टेड मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच नळीत बरेच टाइप शोधणारी, दोन टप्प्यांची). आरटीच्या (आरएनएचं डीएनए करण्याच्या) आधी आरएनए ९५ डिग्रीच्या वर तापवून दोन्ही धागे सुटे करायचे आणि लगेच बर्फावर, ही पायरी नवीन मुलं गाळतात आणि मग किटला शिव्या घालतात. खरी डोकेदुखी प्रायमरची. टाइप ओळखणारे प्रायमर ज्या काळात बनले त्या काळच्या स्ट्रेनना बसतात, व्हायरस पुढे सरकत राहतो. जी१२ भारतात पसरला तेव्हा जुन्या सेटमध्ये त्याचा प्रायमरच नव्हता, म्हणजे तो 'अनटायपेबल'. आणि पी[८] च्या प्रायमरच्या जागी म्युटेशन झाल्यावर साधे पी[८] सुद्धा हुकायला लागले होते. अनटायपेबलचा टक्का वाढला की सीक्वेन्सिंगला पाठवा, तो आकडा तक्त्याच्या तळाशी ढकलून पुढे जाऊ नका, बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाची बातमी त्याच ओळीत असते.

एंटरोव्हायरसमध्ये (पोलिओच्या कुटुंबातल्या व्हायरसमध्ये) तर नावंच पद्धतीने पाडली. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या मुलांची शी उंदराच्या दूधपित्या पिल्लांना टोचली, ती लुळी पडली, झाला कॉक्सॅकी व्हायरस. पिल्लं नुसती लुळी पडली तर ए, आखडली तर बी. मग १९४९ ला एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओ मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींवर वाढवून दाखवला, १९५४ ला त्याचं नोबेल मिळालं, आणि सगळीकडे कल्चर सुरू झाल्यावर पेशी मारणारे पण पिल्लांना काही न करणारे आणि कुठल्या आजाराशी नातं नसलेले व्हायरस निघायला लागले, त्यांना नाव दिलं इको, त्यातला 'ओ' म्हणजे ऑर्फन, अनाथ! नंतर कळलं की हे अनाथ मेनिन्जायटिस करतात.

हे टाइप ओळखायला न्यूट्रलायझेशन करायचे, म्हणजे अँटीबॉडी असलेलं सीरम (अँटीसीरम) घालून व्हायरस अडतो का बघायचे, ४२ अँटीसीरम ८ पूलमध्ये मिसळलेले, लिम बेन्येश-मेलनिक पूल म्हणतात, कोणत्या पूलने व्हायरस थांबला ते बघून कोडं सोडवायचं. दिवसचे दिवस जायचे आणि सीरमचा साठा संपत आलेला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या ओबर्स्टेंच्या टीमने दाखवलं की व्हायरसच्या कवचाच्या व्हीपी१ या जीनचा सीक्वेन्स काढला तर जुन्या सेरोटाइपशी जुळतो, न्यूक्लिओटाइड ७५ टक्क्यांहून जास्त सारखे असले की टाइप एक. तेव्हापासून सापडवायला ५ प्राइम यूटीआर (जीनोमच्या सुरुवातीचा भाग), कारण तो भाग सगळ्यांत सारखा, आणि ओळखायला व्हीपी१, कारण तो प्रत्येकाचा वेगळा. २०२२ चा तो 'टोमॅटो फ्लू' आठवतोय ना, व्हॉट्सॅपवर नुसता धुमाकूळ? केरळमध्ये सुटी घालवून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या नमुन्यांत सीक्वेन्सिंगने निघाला कॉक्सॅकी ए१६, आपला नेहमीचा हँड-फूट-माउथवाला, हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारा. एक सूचना, पुरळातल्या फोडाचं पाणी मिळत असेल तर ते घ्या, शीत एंटरोव्हायरस कित्येक आठवडे निघत राहतो, त्यामुळे शीतला पॉझिटिव्ह जुन्या इन्फेक्शनचाही असू शकतो.

नोरोचं थोडक्यात. रॅपिड किटचा निगेटिव्ह सोडून द्या, पीसीआरच करा, आणि टायपिंगला आता कॅप्सिड (कवच) आणि पॉलिमरेज (कॉपी काढणारं एन्झाइम) दोन्हींचे जीन वाचतात कारण त्या सांध्यावर हे व्हायरस तुकडे अदलाबदल करतात. माणसाच्या आतड्याच्या एंटरॉइड्सवर (लॅबमध्ये वाढवलेल्या इवल्याशा आतड्यांवर) तो वाढवायला २०१६ उजाडलं, पण ते रोजच्या लॅबचं काम नाही.

आणि पोलिओ. इथे मात्र कल्चर अजून सिंहासनावर आहे आणि माझ्या मते योग्यच आहे. एल२०बी ही उंदराची पेशी, तिच्यात माणसाचा पोलिओ रिसेप्टर, म्हणजे पोलिओ आत शिरतो ते दार, बसवलेला. उंदराच्या पेशीत माणसाचे बाकीचे बहुतेक एंटरोव्हायरस शिरतच नाहीत, म्हणजे शीत दहा प्रकारचे असले तरी वाढतो जवळपास पोलिओच. शेजारी आरडी या माणसाच्या पेशी, त्यांच्यावर इतरही बरेच वाढतात. परळला हाफकिनच्या आवारातल्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरने, आता ते एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्थेचं) मुंबई युनिट आहे, देशातून आलेल्या लुळेपणाच्या केसेसचे नमुने वर्षानुवर्षं याच पेशींवर टाकले. भारतातली वाइल्ड पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ ची, हावड्याची. आता वाढलेल्या व्हायरसचं व्हीपी१ वाचायचं, साधारण ९०० अक्षरं, आणि सेबिन लसीपेक्षा किती बदललीत ते मोजायचं. टाइप १ आणि ३ मध्ये १० किंवा जास्त, टाइप २ मध्ये ६ किंवा जास्त, की तो व्हॅक्सिन-डिराइव्ड, लसीतूनच बदलत निघालेला. वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो त्यामुळे तो किती काळ फिरतोय याचाही अंदाज येतो.

नवीन नॅनोपोर सीक्वेन्सिंगच्या पद्धतीत कल्चर वगळून थेट शीतून व्हीपी१ वाचता येतं, बरेच दिवस वाचतात आणि मला ती आवडतेच. पण जिवंत व्हायरस हातात नसेल तर लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्याला अडवतात का हे कशावर तपासणार? त्यामुळे इन्क्युबेटर भंगारात काढायची घाई करू नये, आणि दर आठवड्याला न चुकता आरडीच्या पेशी सबकल्चर करणाऱ्या (नव्या बाटलीत वाढायला टाकणाऱ्या) टेक्निशियनला आधी कायम करा, सीक्वेन्सरचं टेंडर मग काढा.