सी गेला तरी डी राहतो

तुळशीचं लग्न लागलं की सांगलीत दोन धंद्यांना जेवायला फुरसत नसते, मंगल कार्यालयवाले आणि लग्नपत्रिकावाले. त्यातल्याच एका पत्रिकावाल्या काकांची ही गोष्ट, २०२५ च्या नोव्हेंबरातली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपल्यामुळे 'आमचं मशीन अकराला चालेल का' विचारणाऱ्यांची रांग माझ्या दुकानात आधीच लागलेली. त्यात एका सकाळी शटर अर्धं वर असतानाच काका सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. (सीपीयू म्हणजे अख्खं कॅबिनेट. खरा सीपीयू तो नव्हे, हे लोकांना सांगायचं मी कधीच सोडून दिलंय.)

"डी ड्राइव्ह उघडेना झालाय रे. फॉरमॅट करू का म्हणून विचारतोय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी नको म्हटलं. पण पुतण्यानं काल रात्रभर चेकडिस्क लावून ठेवलेलं."

पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझा निम्मा धंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर चालतो. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं हत्यार) ही वाईट गोष्ट नव्हे, पण ते डिस्क धडधाकट आहे असं धरून फक्त फायलींचा हिशेब जुळवतं. डिस्कच मरायला टेकलेली असेल तर ते एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा हेड (डिस्क वाचणारी सुई) फिरवत बसतं आणि जुळत नाहीत त्या नोंदी उचलून बाजूला टाकतं. धाप लागलेल्या म्हाताऱ्याला रात्रभर जिना चढ-उतर करायला लावण्यातला प्रकार.

डिस्क माझ्याच हातची होती. २०१८ साली मीच बसवलेली, एक टीबीची. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते (कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं), आणि 'माझे ६९ जीबी कुठे गेले' हे काकांनी तेव्हा मला दोनदा विचारलं होतं. तिचे मी चार भाग पाडले होते. सी शंभर जीबी, उरलेल्या ८३१ चे सारखे तीन वाटे, २७७ चा एकेक. नावं काकांनी दिलेली. डी म्हणजे 'श्री गणेश', त्यात चालू कामं. ई म्हणजे 'अंबाबाई', त्यात बॅकअप. एफ 'किरकोळ'.

चार भाग का पाडले? खरं कारण सांगायचं तर सवय. मी ज्या दुकानात काम शिकलो तिथले उस्ताद बूट फ्लॉपी घालून एफडिस्कच्या (डिस्कचे भाग पाडणारं जुनं हत्यार) काळ्या स्क्रीनवर प्रायमरी, एक्स्टेंडेड, लॉजिकल असं स्तोत्र म्हटल्यासारखं करायचे. त्यांच्या काळी त्याला अर्थ होता. विंडोज ९५ जेव्हा आलं तेव्हा फॅट१६ मध्ये (डिस्कवर फायली मांडायची तेव्हाची पद्धत) एका पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या एका भागाला, दोन जीबीची मर्यादा होती, त्यामुळे मोठी डिस्क घेतली की तिचे तुकडे करावेच लागत. १९९६ मध्ये फॅट३२ आलं आणि ती गरज संपली. पण उस्तादांनी तुकडे करणं सोडलं नाही, आणि त्यांचं बघून मीही नाही. पुढे त्याला एक नवं कारण चिकटलं: व्हायरस आला, विंडोज बसलं, तर सी फॉरमॅट मारायचा, डीमधला माल जागच्या जागी. गिऱ्हाइकाला समजावं म्हणून आम्ही सगळेच मेकॅनिक एक वाक्य म्हणायचो. सी गेला तरी डी राहतो.

काकांच्या बाबतीत ते एकदा खरंही ठरलं होतं. २०२० मध्ये त्यांचं विंडोज बसलं, मी सी साफ करून नवं टाकलं, डी-ई-एफला धक्का लागला नाही. काकांनी पेढे दिले होते.

"काळजी नाही तशी," काका स्टुलावर बसत म्हणाले. "डीची कॉपी दर शनिवारी ईमध्ये टाकतो मी. ई दुसरी डिस्क आहे ना. तूच सांगितलेलंस."

मी असं सांगितलं होतं का? अजून आठवत नाही. 'दुसरी डिस्क' हा शब्द मी वापरला नसणार. पण 'महत्त्वाचं ईमध्ये पण ठेवा' असं म्हणालो असेन, हे नाकारता येत नाही.

मी काही बोललो नाही. साइड पॅनेल काढलं, दोन केबल उपसल्या, चार स्क्रू सोडवले आणि डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, लेबल वाचलं, मग वाकून कॅबिनेटच्या रिकाम्या पिंजऱ्यात बोट घालून पाहिलं.

"आणि ई कुठंय?"

"यातच आहे काका. सी, डी, ई, एफ, सगळं यातच."

२०१९ च्या पुरात हे कॅबिनेट त्यांनी स्वतः गच्चीवर चढवलं होतं. माझ्याकडे त्या ऑगस्टमध्ये चिखलानं भरलेली मशीनं रांगेनं आली, काकांचं कोरडं राहिलं. डी आणि ई तेव्हाही एकाच खोक्यातून एकाच जिन्यानं वर गेले होते.

आता कामाचं. डिस्क मी त्यांच्या मशीनला परत जोडलीच नाही. माझ्या बेंचवर लिनक्सला लावली, समोर टेबलफॅन, मशीन यूपीएसवर. स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिले तर वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या बारीक कप्प्यांची, यादी वाढत चाललेली. अशा वेळी डिस्क उघडून फायली शोधायच्या नसतात. आधी तिची अख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि मग जे काय करायचं ते नकलेवर. त्यासाठी मी डीडीरेस्क्यू वापरतो. त्याची अक्कल अशी की पहिल्या फेरीत जिथे अडेल तिथे ते हटून बसत नाही, तो तुकडा सोडून पुढे जातं, चांगला माल आधी पदरात पाडून घेतं, आणि काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा एका फायलीत लिहीत जातं. सोडलेल्या तुकड्यांकडे नंतर, बारीक घास घेत. मध्ये लाइट गेली तरी नकाशावरून पुढे चालू. धडधाकट एक टीबी अशानं तीनेक तासांत उतरते. काकांची पहिली शंभर जीबी भरभर आली, आणि शंभराच्या जरा पुढे वेग एमबीवरून केबीवर. टिक, टिक, थांबणं, परत टिक. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला भूक लागत नाही. दोन रात्री गेल्या.

खराब पट्टा साधारण १०३ जीबीच्या आसपास होता. हा आकडा पाहिला आणि मी खुर्चीत मागे रेललो. एनटीएफएस (विंडोजची फायली मांडायची आताची पद्धत) पार्टिशनमध्ये सगळ्या फायलींची एक खतावणी असते, एमएफटी. कुठली फाइल, काय नावाची, कुठे ठेवलीय, सगळं त्यात. विंडोज फॉरमॅट करताना ती खतावणी पार्टिशनच्या सुरुवातीपासून तीन जीबीवर मांडतं. डी शंभरावर सुरू होतो. शंभर अधिक तीन. म्हणजे घाव नेमका 'श्री गणेश'च्या खतावणीवर बसला होता. पत्रिका बहुतेक शाबूत, पण कोणती कुठे ते सांगणारं पान फाटलेलं. पुतण्याच्या चेकडिस्कनं त्यातल्या कित्येक फायली फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नुसते नंबर देऊन टाकून ठेवल्या होत्या.

आणि ई? ईची खतावणी वेगळी, डिस्कच्या पार दुसऱ्या भागात. नकलेवर 'अंबाबाई' पहिल्या क्लिकला उघडली. गावागणिक, आडनावागणिक फोल्डर, सात वर्षांचे.

काकांना बोलावून एक फाइल उघडून दाखवली, तर नुसती अगम्य चिन्हं. त्यांचा चेहरा उतरला. मी हसलो. जुनी कामं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली, कुठल्याही मशीनवर दिसणारं युनिकोड नव्हे, आणि माझ्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. त्यांनी खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं लॉक (ते मशीनला लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही) काढलं, सॉफ्टवेअर टाकलं, आणि '॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥' स्क्रीनवर उमटलं. बॅकअप घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फॉन्ट सीमध्ये राहतात हे ठाऊकच नसतं. डेस्कटॉपही सीमध्येच असतो. 'मी सीमध्ये काहीच ठेवत नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे' हे वाक्य मी महिन्यातून एकदा ऐकतो.

दिवाळीच्या गडबडीत दोन शनिवार कॉपी राहिली होती. तेवढ्या पत्रिका ईमध्ये नव्हत्या. काही नंबरवाल्या फायलींतून ओळखून काढल्या, उरलेल्या काकांनी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रुफांवरून पुन्हा जुळवल्या.

"बघ, मी म्हणत होतो ना," काका खुशीत. "ईनं वाचवलं. नव्या डिस्कलाही तसेच चार भाग पाड."

काय बोलायचं? हेड तुटलं असतं, मोटर अडकली असती, चोरी झाली असती, तर सी ते एफ एकाच तिरडीवर गेले असते. हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जशी आपण डॉक्टरांपुढे तंबाखूबद्दल डोलावतो. त्यांच्या डोळ्यांसमोर ई उघडला होता, त्यापुढे माझं 'असतं तर' कोण ऐकतो.

आणि खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर मिळालेलं नाही. वेगळ्या खतावण्या होत्या म्हणून ईचा माल नावागावासकट मिळाला, हे मान्य. पण डिस्क अख्खी एकच ठेवली असती, तर खतावणी सुरुवातीच्या तीन जीबीवर असती आणि १०३ वरचा घाव बहुधा एखाद्या भलत्याच फायलीवर बसला असता. पुतण्याला चेकडिस्क लावायची वेळच आली नसती. म्हणजे पार्टिशननंच मारलं आणि पार्टिशननंच तारलं. रात्री दुकान बंद करताना मी हे गणित अजून मांडून बघतो.

फायली लावून ठेवायला मात्र फोल्डर पुरतो, एवढं मी आता ठामपणे सांगतो. भिंत घातली की एका खोलीत कोंडमारा आणि शेजारची ओस. काकांचा शंभरचा सी अपडेट आणि कोरलच्या (पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) टेंपरवारी फायलींनी लाल झाला होता, तर एफमध्ये दोनशे जीबी रिकामी. ती सीला देता येत नव्हती, कारण विंडोजच्या हत्याराला सीला लागूनच मोकळी जागा हवी आणि मध्ये 'श्री गणेश' बसलेले. त्यांना सरकवणारी सॉफ्टवेअर मिळतात. सरकवताना लाइट गेली तर काय, हे मला कुणाच्या डेटावर बघायचं नाही. शाळेची लॅब असेल, दर सहा महिन्यांनी विंडोज टाकावं लागत असेल, तर डी वेगळा ठेवतो. घरच्या लॅपटॉपला नाही.

काकांना विंडोजसाठी ५०० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवली, अख्खा सी. नवी एक टीबी, अख्खी डी, नाव 'श्री गणेश'. तिसरी बाहेरून लावायची पोर्टेबल डिस्क, तिला मी मुद्दाम ई अक्षर कायमचं नेमून दिलं आणि 'अंबाबाई' नाव घातलं. शनिवारी लावायची, कॉपी करायची, काढून घरच्या कपाटात.

पुढच्या सोमवारी फोन. "अरे, ई दिसत नाही!"

"डिस्क कपाटात ठेवलीत ना?"

"हो, तू म्हणालास तशी."

"मग ई कपाटात आहे."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "असू दे. पण सी गेला तरी डी राहतो ना?"

आता सी एसएसडी आहे आणि डी खरोखरच वेगळी डिस्क. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाचा लॅपटॉप उघडा पडलेला. "हो काका, राहतो," म्हणालो आणि फोन ठेवला. २०१८ मध्येही बहुतेक असाच घाईत ठेवला असेन.