जुन्या ग्रँड बँक्सचं वायरिंग: आधी ओळख, मग पक्कड

सत्तरच्या दशकातली ग्रँड बँक्स 42 ही मोटरबोट दुरुस्तीला घेतली की पॅनलमागचा गुंता एकदाचा उपटून टाकावासा वाटतो. थांबा. कोणता दिवा कुठून पेटतो, कोणता पंप कशावर चालतो, हे तो गुंताच सांगणार आहे.

आधी साल ठरवा. अमेरिकेत विकलेल्या बोटींवर नोव्हेंबर 1972 पासून ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) उजव्या वरच्या कोपऱ्यात बारा अक्षर-अंकांचा हल (बोटीचं धड) क्रमांक असतो; पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची. हल लाकडी असेल तर बोट बहुधा 1973च्या आधीची, कारण त्या सुमारास ग्रँड बँक्स फायबरग्लासकडे वळल्या. वायरिंगचं वय मात्र हलवरून कळत नाही. पन्नास वर्षांत मालक बदलतात आणि प्रत्येक जण हाताशी असेल त्या रंगाची वायर घालून जातो.

शोअर पॉवर, म्हणजे धक्क्यावरून येणारी वीज, काढा, बॅटरीची टोकंही सोडवा. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप लागणारा) बहुतेकदा थेट बॅटरीवर असतो. मग मल्टीमीटरच्या एका प्रोबला बारा मीटर वायर जोडून एकेक सर्किट शोधा. दोन्ही टोकांना एकच नंबर लावा आणि वहीत कुठून, कुठे, किती मीटर, किती अँपिअर ते लिहा. रंगावर विश्वास नको. जुन्या अमेरिकन पद्धतीत 12 व्होल्टची निगेटिव्ह काळी, आणि 120 व्होल्टची फेजही काळीच! नवी डीसी निगेटिव्ह म्हणूनच पिवळी घ्या.

इन्सुलेशन दोन सेंटीमीटर सोला. तांबं काळं दिसलं तर तेवढं कापून पुन्हा सोला. ओल तारांमधून आत चढते. वीतभर कापूनही काळंच निघालं तर वायर बाद. नवी वायर टिनची कलई केलेली, बारीक तारांची.

बदलायला सगळ्यात आधी हात घालावा तो अ‍ॅमीटरला, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरला. फोर्ड लेहमन डिझेल इंजिनांच्या अनेक जुन्या बोटींत अल्टरनेटरचा सगळा करंट स्टिअरिंगपाशी जाऊन परत येतो. दहा मीटरचा फेरा, 6 चौरस मिलिमीटरची वायर, 50 अँपिअर: वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट जातो. अल्टरनेटरला वाटतं 14.2 दिले, बॅटरीला मिळतात पावणेतेरा. ती कायम अर्धपोटी, आणि मीटरमागचा सैल नट तापून काळा. अल्टरनेटरची जाड केबल आखूड रस्त्याने, फ्यूज घालून बॅटरीच्या पॉझिटिव्ह बसबारला (अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीला) न्या. डॅशवर व्होल्टमीटर लावा. त्याला 1 चौरस मिलिमीटरची वायर आणि 2 अँपिअरचा फ्यूज पुरतो.

बिल्ज पंप, नॅव्हिगेशन दिवे यांना व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत वाया जाणारं व्होल्टेज, 3 टक्क्यांच्या आत हवा. 8 अँपिअरचा पंप, जाऊन-येऊन 12 मीटर: 2.5ची वायर साडेपाच टक्के खाते, हिशेबाने 4.7 लागते, म्हणून 6ची घ्या. परतीचं अंतर मोजायला विसरणं ही नेहमीची चूक.

जोड रॅचेट क्रिम्परने (टोक दाबून बसवणाऱ्या पक्कडीने), वर गोंदाची हीटश्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी. नुसतं सोल्डर नको. कंपनाने वायर सोल्डर संपतो तिथेच तुटते. एका बोल्टवर चारपेक्षा जास्त लग (वायरीच्या टोकाच्या कड्या) नकोत, दर 45 सेंटीमीटरला क्लिप, आणि बॅटरीला थेट जोडलेल्या वायरचा फ्यूज बॅटरीच्या जमेल तितका जवळ; 1.8 मीटरपर्यंतची सूट फक्त पूर्ण संरक्षक नळीतल्या वायरला.

शेवटी प्रत्येक सर्किटचं व्होल्टेज दिवा लावून, दिव्यापाशी मोजा. पॅनलवर सगळंच छान दिसतं.